मास्तरसाठी घंटा वाजली नाही

वसई
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

परवा तू फोनवर चिडलास आणि मी गप्प बसलो, कारण शेजारी वहिनी होत्या. "जन्मभर ज्यानं चर्चच्या उपासनेत मिस्सा गायली त्याला मातीच्या दिवशी एक मिस्सा मिळू नये?" तुझं दुखणं कळतं, पण फादरांचा त्यात दोष नाही. आपला कोयरचा, म्हणजे चर्चच्या गायकांचा, मास्तर गेला पवित्र गुरुवारी रात्री. त्या संध्याकाळपासून ईस्टरपर्यंतच्या तीन दिवसांत मयताची मिस्सा होत नाही, फक्त प्रार्थना आणि वाचनं. घंटाही शनिवार रात्रीपर्यंत मुकी. शनिवारी सकाळी आम्ही त्याला नेलं तेव्हा पुढे घंटेऐवजी लाकडी फळीची टकटक आणि मागे सगळी आळी, एवढंच. व्हायोलिन नाही, पेटी नाही. कोयरची पोरं नुसत्या गळ्यानं गायली आणि दुसऱ्या कडव्याला बेसूर झाली. मास्तर असता तर व्हायोलिनच्या कमानीनं टपली मारली असती. मिस्सा मग ईस्टरनंतर सोमवारी झाली, माणसं बाहेर व्हरांड्यात उभी होती.

आता जे तुला फोनवर सांगता येत नव्हतं ते लिहितो.

मिस्सात फादर देतात ती ख्रिस्तप्रसादाची चकती तो जिभेवरच घ्यायचा, आठवतं ना? हातावर घेणाऱ्यांना, म्हणजे आपल्याला, "बिस्किट घेता काय रे" म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी मी रांगेत त्याच्या मागे होतो आणि त्यानं हात पुढे केले. मला हसू आलं. म्हटलं, मास्तरही सुधारला! पुढच्या रविवारी पुन्हा हातच. शिवाय चर्चच्या माडीवर, कोयरच्या जागी, गाताना 'आ' लागायचा तिथे त्याचे ओठ नुसते ताणले जात. मी पाहिलं. विचारलं मात्र नाही. चार महिन्यांनी त्यानंच सांगितलं की तोंडात उभी तीन बोटं जायची ती आता दोनच जातात, आणि गालात आतून एक जखम आहे, भरतच नाही. तोवर एका दवाखान्यातून जीवनसत्त्वाच्या गोळ्या खाऊन झाल्या होत्या.

त्याला तंबाखूचं व्यसन नव्हतं, तू साक्षीदार आहेस. गुटख्यावर तर 2012 साली राज्यात बंदी आली तेव्हा त्यानं आपल्याला चहा पाजला होता. त्याची फक्त सुपारी, तीही स्वतःच्या वाडीतली. टाटाच्या डॉक्टरांनी समजावलं की नुसत्या सुपारीनंही गालाची आतली कातडी चिवट, आखडलेली होते, तोंड मिटत जातं आणि तिथेच पुढे कॅन्सर धरू शकतो. घरी येताना परळच्या पुलावर तो थांबला नि म्हणाला, "म्हणजे आमच्या बापजाद्यांनी लावलेल्या झाडानं मारलं." मग लगेच, "झाड तोडू नका हां. मिरीचा वेल चढवलाय त्यावर."

ऑपरेशनमध्ये डाव्या जबड्याचं हाड काढलं आणि पायाच्या नळीतलं हाड घेऊन तिथे बसवलं. नाकात नळी असताना त्यानं पाटीवर लिहून दाखवलं : आता मी पायानं व्हायोलिन वाजवणार. वॉर्डात आम्ही दोघे इतके हसलो की सिस्टर रागावली. पण घरी आल्यावर त्यानं खरंच व्हायोलिन घेतलं, आणि हनुवटी टेकवायला जागाच उरली नव्हती. खांद्यावरून काढून छातीशी धरून पाहिलं. दोन सूर निघाले. मग त्यानं कापड गुंडाळून ते पेटीत ठेवलं, अगदी सावकाश. त्या दिवसाबद्दल याहून जास्त लिहीत नाही.

रेडिएशनचे तीस दिवस, सोमवार ते शुक्रवार, आम्ही पाळ्या लावल्या. सकाळची दादरला फुलं नेणाऱ्या बायकांची लोकल आठव. त्या बायका पाट्या सरकवून त्याला खिडकी द्यायच्या. लाळ आटलेली, म्हणून दर स्टेशनाला एक घोट पाणी. भाईंदरच्या खाडीवर गाडी आली की मात्र तो उठून दारात जायचा, हवा खायला.

आठ महिने बरे गेले. मग मानेत गाठ आली, आणि शेवटी मॉर्फिनच्या गोळ्या, दर चार तासांनी, घड्याळ लावून. एका रात्री मी त्याला ती रांगेतली गोष्ट सांगितली, मी पाहिलं होतं आणि हसलो होतो म्हणून. त्याची जीभ जड झाली होती. म्हणाला, "मी पण आरशात पाहिलं होतं." बस्स. मग पाणी मागितलं.

व्हायोलिन सध्या माझ्याकडे आहे. त्याच्या पेटीच्या कप्प्यात कमानीला लावायच्या राळेच्या वडीला चिकटून सुपारीचं एक खांड सापडलं. ते तसंच राहू दिलंय, का ते विचारू नकोस.

त्याला जाऊन महिना झाल्याची मिस्सा येत्या शनिवारी संध्याकाळी. अर्पणाचं गाणं तो कुठल्या पट्टीत घ्यायचा यावर इथे भांडण लागलंय. पोरं काळी दोन म्हणतात, मला पांढरी चार आठवते. माडीवर त्याच्या डाव्या हाताला तूच बसायचास. शुक्रवारच्या आत कळव.

तुझा,
पेटीवाला