मावशी, तुमच्या दोन पोती पेंढ्याबद्दल

मावशी, नमस्कार.

तुमची धाकटी हे तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवेल. खरं तर तुमच्यासमोर बसून बोलायला हवं होतं. पण तुम्ही जे केलंत ते चार लोकांना कळावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

गेल्या डिसेंबरात तुमची टोळी पेठ तालुक्यातून आमच्या मळ्यावर द्राक्षघडांतले जादा मणी काढायला, विरळणीला आली, तेव्हा निफाडची थंडी ऐन भरात होती. 2018च्या डिसेंबरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा 1.8 अंशांपर्यंत उतरला होता, ते इकडचा द्राक्षवाला अजून विसरलेला नाही. गेल्या वर्षी तेवढी नव्हती, तरी मण्यांची फुगवण थांबू नये म्हणून आम्ही पहाटे बागेत शेकोट्या पेटवत होतो, ड्रिप चालू ठेवत होतो. आणि त्याच बागेची अकरा वर्षं राखण करणारा आमचा कुत्रा खंड्या बांधाजवळच्या त्याच्या घरात रात्रभर कुडकुडत होता.

मी काही केलंच नव्हतं असं नाही. चांगलं चार बाय चारचं पत्र्याचं घर करून घेतलं होतं. खाली सिमेंटचा कोबा, त्यावर सासूबाईंची जुनी गोधडी दुहेरी घालून. मला वाटायचं, याहून ऊबदार काय असणार?

त्या सकाळी खंड्या उठलाच नाही. शेपटीखाली नाक खुपसून पडून होता, मागचे पाय ताठरलेले. मी हाका मारत होते. तुम्ही हातातली कात्री बाजूला ठेवलीत, उकिडव्या बसलात, कोपरापर्यंत हात आत घातलात आणि गोधडीचं टोक ओढून माझ्या हातात दिलंत. "ताई, पिळून बघा." मी पिळली, तर पाणी गळलं. मग तुम्ही वर बोट दाखवलंत. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून थेंब धरतात ना, तसे पत्र्याला थेंब लोंबत होते. त्याच्याच श्वासाचं पाणी रात्रभर त्याच्यावर आणि गोधडीवर पडत होतं. खालून कोबा गार, वरून पत्रा गार, मध्ये ओली गोधडी. जनावरांच्या डॉक्टरांनी येऊन ताप पाहिला तर 98 भरला. कुत्र्याला तो एरवी 101-102 असतो, म्हणजे अंगातली ऊबच निघून चालली होती.

तुमचं काम उक्तं. जेवणाच्या सुट्टीनंतरचा दीड तास तुम्ही खंड्यावर घालवलात, तो तुमच्या पदरचा गेला. हे मला मुकादमानं नंतर सांगितलं. तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत.

त्या दीड तासात तुम्ही द्राक्षाचे रिकामे क्रेट उपडे मांडून त्यावर जुन्या दाराची फळी टाकलीत आणि घर त्यावर चढवलंत, जमिनीपासून वीतभर वर. तोंड उत्तरेच्या वाऱ्याला होतं, ते फिरवून गोठ्याच्या भिंतीकडे केलंत. घर त्याला मोठं होतं, हे तर माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. "एवढी जागा तो एकटा कशी तापवणार?" म्हणालात आणि दोन बाजूंना सोयाबीनच्या भुशानं भरलेल्या गोण्या लावून त्याला उठता-वळता येईल एवढीच जागा ठेवलीत. दाराला गोणपाट, मधोमध चिरलेलं, म्हणजे त्याला डोकं घालून आत-बाहेर करता येईल. वरच्या कोपऱ्यात, वारा लागत नाही त्या बाजूला, वाफ जायला बोटभर फट. मी शंभरचा बल्ब आत सोडायला निघाले होते, तेव्हा मात्र तुम्ही रागावलात. वायर चावली किंवा बल्ब गवताला लागला तर काय होईल, हे मी खरंच धरलं नव्हतं.

खाली काय घालायचं, हा प्रश्न राहिला. आमच्याकडे डिसेंबरात गहू हिरवा असतो, काड कुठून आणणार? सोयाबीनचं भूस टोचतं, मक्याची धाटं त्याहून टोचतात. तुम्ही रविवारी गावाला गेलात आणि येताना जीपच्या टपावर टाकून दोन पोती भाताचा पेंढा घेऊन आलात. स्वतःच्या घरचा, तुमच्या बैलांच्या तोंडचा. "दाबून भरू नका, मोकळा ठेवा, त्याचं तो करून घेईल," म्हणालात. खंड्या आत शिरला, दोन गिरक्या घेतल्या, पंजांनी उकरून खळगा केला आणि पार कानापर्यंत पेंढ्यात बुडाला. थोड्या वेळानं मी हात घातला. कोरडं होतं सगळं. आणि ऊब! शेणाच्या गोवरीखाली निखारा राहावा तशी.

तो हिवाळा खंड्यानं काढला. पेंढा मी दर आठ-दहा दिवसांनी बदलत राहिले, संध्याकाळची बाजरीची भाकरी एकाची दीड केली.

आता एक बोलायचं राहिलंय. तुमच्या टोळीला दिलेल्या खोलीलाही पत्राच होता, मावशी, आणि खाली कोबाच. तुम्ही गेल्यावर मी ती झाडायला गेले, तेव्हा भिंतीला थेंबांचे ओघळ दिसले. तुमची लेकरं तिथे झोपत होती. खंड्याच्या घरात हात घालून तुम्हाला लगेच का कळलं, ते मला त्या दिवशी कळलं. तुम्ही कुत्र्यासाठी बोललात, स्वतःसाठी नाही. आणि मी विचारलंही नाही. याची मला फार लाज वाटते.

यंदा पत्र्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर टाकलाय, आत फळ्यांचे माचे केलेत, वाफ जायला वर खिडकी काढलीय. पेंढ्याचा टेम्पो मी इगतपुरीकडून सांगून ठेवलाय, माच्यांवर घालायला आणि खंड्याला पुरेल इतका. तुम्ही घरचा आणू नका, तो बैलांना राहू द्या. गेल्या वर्षीच्या दोन पोत्यांचे आणि त्या दीड तासाचे पैसे मी तुमच्याच हातात देणार आहे, नाही म्हणू नका.

बागेतल्या घड नसलेल्या फुटी, फेल, काढायला दिवाळीनंतर याल ना? येताना धाकटीला आणा. खंड्या आता फार चालत नाही, पण तुमचा आवाज ऐकला की रस्त्यापर्यंत येईल.

तुमची,
मळ्यावरची ताई