पहाटेची स्वस्त वीज आणि आमचा हीट पंप : ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

माननीय ऊर्जामंत्री महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या थंडीच्या तोंडावर आम्ही घर तापवणारा गॅसचा बॉयलर काढून हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या जोरावर घरात आणणारं यंत्र, बसवला. बसवायला चार दिवस लागले. त्याच्यासाठी वीजदर कोणता घ्यायचा हे ठरवण्यात त्याहून कितीतरी जास्त दिवस गेले, आणि एवढं करून मी चुकलेच. माझी सारी नोकरी लोकांच्या जमाखर्चाच्या वह्या तपासण्यात गेली, त्यामुळे आकड्यांना बिचकणाऱ्यांतली मी नव्हे. मला जे उलगडलं नाही ते बिलाची फक्त शेवटची ओळ बघून पैसे भरणाऱ्याला कसं उलगडणार, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे.

वीजकंपनीने तीन पर्याय पुढे ठेवले. पहिला, दिवसरात्र सारखा दर. दुसरा, मध्यरात्र ते पहाट स्वस्त, संध्याकाळी पाच ते नऊ महाग, उरलेल्या वेळी मधला. तिसरा, बाजारभावाप्रमाणे तासातासाला बदलणारा. सोबत एक तक्ता होता, 'सरासरी घराची वर्षाची बचत' अशा मथळ्याचा. हे सरासरी घर थंडीत कशावर तापतं, असं मी फोन करून विचारलं. पलीकडच्या मुलीने बराच वेळ शोधाशोध केली आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "मॅडम, त्यात हीटिंग धरलेलंच नाहीये." म्हणजे दिवे, फ्रिज, टीव्ही आणि वॉशिंग मशीन एवढंच चालणाऱ्या कुठल्या तरी घराचा हिशेब मी आठवडाभर घोकत होते. आमच्याकडे आता निम्म्याहून जास्त वीज एकटा पंप खातो, आणि तीही बहुतेक सगळी थंडीच्या तीन-चार महिन्यांत. अशा घराला 'सरासरी महिना' नावाचा महिनाच नसतो.

"दुसरा पर्याय घ्या, हीट पंपवाले सगळे तोच घेतात," असं तिने सुचवलं. मी घेतला.

इथे यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे. जुन्या फ्रिजच्या मागच्या जाळीला हात लावला तर ती गरम लागते. आतल्या वस्तूंमधली उष्णता काढून तिथे आणून टाकलेली असते. हीट पंप हेच करतो. त्याच्यापुरता फ्रिजचा आतला कप्पा म्हणजे बाहेरची हवा, आणि मागची जाळी म्हणजे आमच्या खोल्यांतले गरम पाण्याने तापणारे रेडिएटर. वीज लागते ती उष्णता इकडून तिकडे उपसायला, त्यामुळे एक युनिट विजेत तीन-साडेतीन युनिटांइतकी उष्णता घरात येते. या पटीला सीओपी म्हणतात. गोष्ट काही कालपरवाची नाही; झुरिकच्या टाउन हॉलमध्ये लिमाट नदीच्या पाण्यातून उष्णता उपसणारा पंप 1938 साली बसला होता.

पण विहीर खोल गेली की उपसा जड होतो. बाहेरची हवा जितकी थंड आणि रेडिएटरमध्ये पाणी जितकं गरम हवं, तितका सीओपी घसरतो. दमट रात्री बाहेरच्या युनिटवर हिम साचतं, मग यंत्र काही मिनिटं उलटं फिरतं आणि घरातलीच उष्णता बाहेर नेऊन ते वितळवतं. खिडकीतून बघितलं तर वाफेचा लोट उठताना दिसतो. तो आमचाच पैसा. आणि चोवीस तासांतली सगळ्यात थंड वेळ कोणती? सूर्य उगवण्याच्या आसपासची. आमच्या दरपत्रकातली स्वस्त वेळ तिथेच जाऊन संपते.

आमच्या यंत्राच्या पडद्यावर दर तासाचा सीओपी दिसतो. थंडीतल्या एका स्वच्छ उन्हाच्या दिवशी दुपारी दोनला तो 3.6 होता, पुढच्या पहाटे पाचला 2.7. भागाकार 0.75. म्हणजे पहाटेची वीज दुपारच्या विजेच्या पाऊणपट दरात मिळाली तर मी जिथल्या तिथे. 'रात्री 20 टक्के सूट' ही जाहिरात वाचून जो त्या दिवशी पंप दुपारऐवजी पहाटे पळवेल, तो सूट घेऊनही जास्त पैसे भरेल. शिवाय पहाटेची ऊब संध्याकाळपर्यंत पुरवायची तर घर गरजेहून जास्त तापवून ठेवावं लागतं, त्यासाठी पाणी जास्त गरम सोडावं लागतं, आणि पाण्याचं तापमान एका अंशाने वाढवलं की सीओपी साधारण दोन-अडीच टक्क्यांनी उतरतो. भिंतींतून गळणारी उष्णता वेगळी. सूट निम्म्याहून मोठी असेल तर एवढं सगळं सोसूनही रात्र परवडू शकते, हे मान्य. पण तो हिशेब मला दरपत्रकात कुठेच सापडला नाही, यंत्राच्या पडद्यासमोर बसून काढावा लागला.

सरळ विजेवर तापणाऱ्या हीटरला यातलं काही लागू नाही. त्याचं एक युनिट पहाटेही एकच आणि दुपारीही एकच. रात्रीचे स्वस्त दर मुळात अशाच हीटरांच्या काळातले आहेत. ब्रिटनमध्ये 'इकॉनॉमी सेव्हन' 1978 साली आला : रात्री सात तास वीज स्वस्त, तेव्हा हीटरच्या पोटातल्या विटा तापवून घ्या आणि दिवसभर त्यांची ऊब घ्या. त्या यंत्राला तो दर अगदी चपखल होता. त्याच मापाचा सदरा आता हीट पंपाला चढवला जातोय.

आता माझी चूक. संध्याकाळचे चार तास महाग, म्हणून मी टायमर लावून पाच ते नऊ पंप चक्क बंद ठेवला. पहिले काही दिवस खपून गेलं. मग थंडीची लाट आली. सासूबाईंच्या खोलीतलं तापमान 20 वरून 17 वर उतरलं. नऊला पंप सुरू झाला, घर तीन अंश मागे पडलेलं त्याला दिसलं, आणि त्याने आपल्या पोटातला 3 किलोवॅटचा बॅकअप हीटरही लावून टाकला. मला पत्ता नाही.

संशय आला तो मीटरच्या दिव्यामुळे. आमच्या मीटरवर '1000 इम्पल्सला एक युनिट' असं छापलेलं आहे. लाल दिवा एकदा लुकलुकला की एक वॅट-तास वीज गेली. रोज रात्री टॉर्च आणि घड्याळ घेऊन एक मिनिट मोजायची मी सवय लावून घेतली होती. (आमच्या ह्यांनी या सवयीला जे नाव ठेवलंय ते इथे लिहीत नाही.) एरवी पंचवीस-तीस लुकलुकी व्हायच्या. त्या रात्री मोजता मोजता माझी जीभ अडखळायला लागली, ऐंशी झाल्या. हीटर दोन तास चालला, म्हणजे सहा युनिटं. त्या सहांत सहाच युनिटं उष्णता आली. पंपाने तेवढी सव्वादोन युनिटांत आणली असती. जवळजवळ पावणेचार युनिटं हकनाक गेली, तीही स्वस्त वेळ सुरू व्हायच्या आधी, मधल्या दराने. महाग तासांत वाचवलेली कमाई अशी नऊनंतर परत गेली. आणि सासूबाई चार तास शाल लपेटून बसल्या, त्याची नोंद कुठल्याच बिलात होत नाही. पाचच्या आधी घर एखाद्या अंशाने जास्त गरम करून ठेवायचं, महाग तासांत पंप बंद न करता फक्त मंद ठेवायचा आणि बॅकअप हीटरला कुलूप लावायचं, हे मला पुढे बसवणाऱ्या मेकॅनिकने सांगितलं. दर विकणाऱ्याने यातलं अक्षरही काढलं नव्हतं.

महोदय, दुपारी विजेची काय स्थिती असते ते आपल्याला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. जिथे जिथे छपरांवर आणि माळांवर सौर पॅनेल वाढली, तिथे दुपारी वीज उतू जाते आणि घाऊक बाजारात तिचा भाव पडतो. पंपाला दुपारची हवा मानवते ती वेगळीच. दोन्ही गोष्टी एका वेळेवर येत असताना स्वस्त तास मध्यरात्री ठेवण्यात काय हशील आहे? फ्रान्सने नोव्हेंबर 2025 पासून लाखो घरांचे स्वस्त तास काही प्रमाणात दुपारकडे सरकवायला सुरुवात केली आहे. भारताच्या वीजग्राहक हक्क नियमांत 2023 साली 'सौर तास' आले, आणि त्या वेळेत दर नेहमीपेक्षा कमी ठेवायचं ठरलं. अंघोळीच्या पाण्याचंच घ्या. 200 लिटर पाणी 15 अंशांवरून 50 वर न्यायला सुमारे आठ युनिटं उष्णता लागते. पंपाला त्यासाठी दुपारी पावणेतीन युनिटं पुरतात, कडाक्याच्या पहाटे तीन-साडेतीन. टाकी चांगल्या वेष्टणाची असेल तर दुपारी तापवलेलं पाणी रात्रीपर्यंत काय, दुसऱ्या सकाळपर्यंतही निभतं. एवढ्यासाठी तरी दुपारी दोन-तीन तास स्वस्त हवेत.

पण माझं मुख्य मागणं दराबद्दल नाही, तक्त्याबद्दल आहे. नवा मीटर दर पंधरा मिनिटांची नोंद ठेवतो. ती नोंद कंपनीकडे असते. मग त्याच नोंदींवर, माझ्याच घराच्या, थंडीसकट पुऱ्या वर्षाच्या, तिन्ही पर्यायांत माझं बिल किती झालं असतं हे तीन आकडे मला का मिळू नयेत? यंत्राला हे क्षणभराचं काम आहे. युरोपीय संघाने 2019 च्या निर्देशात दोन लाखांहून जास्त ग्राहक असलेल्या कंपन्यांवर बदलता दर देण्याचं बंधन घातलं, ग्राहकाकडे स्मार्ट मीटर असला की तो मागू शकतो. चांगलं आहे, पण मागावा की मागू नये हे कळण्यासाठी आधी ते तीन आकडे लागतात. 'सरासरी घर' छापायला बंदीच घाला, असं मी म्हणेन.

पंप नवीन असेल तर मागच्या वर्षाची नोंद उपयोगाची नसते. अशा ग्राहकाला एक पूर्ण थंडी बघेपर्यंत विनादंड दर बदलता आला पाहिजे. आमच्या करारात बारा महिन्यांची मुदत आहे आणि ती मोडली तर दंड.

टप्प्याटप्प्याने चढणाऱ्या दराचाही एकदा विचार व्हावा. जास्त वीज वापरणारा तो उधळ्या, या समजुतीवर ते टप्पे बेतलेले असतात. गॅस बंद करून पंप लावणाऱ्याचा एकूण ऊर्जेचा वापर घटलेला असतो, पण त्याची विजेची युनिटं वाढतात आणि तो वरच्या टप्प्यात जाऊन बसतो. डेन्मार्कमध्ये विजेवर तापणाऱ्या घरांना वर्षाला 4000 युनिटांच्या पुढच्या वापरावर वीजकरात मोठी सवलत ठेवली होती. म्हणजे टप्पा होता, पण उलट्या दिशेने. बॉयलर 90 टक्के कार्यक्षम आणि पंपाचा वर्षाचा सरासरी सीओपी 3.5 धरला, तर वीज गॅसच्या 3.9 पटींहून महाग झाल्याक्षणी पंपवाला तोट्यात जातो. करांचं ओझं विजेवर टाकायचं की गॅसवर, हे आपल्या खात्यात ठरतं.

शेवटचा मुद्दा दुरून नियंत्रणाचा. ताण आला की कंपनीने माझा पंप मंद करावा, माझी हरकत नाही. जर्मनीत 1 जानेवारी 2024 पासून नव्या मोठ्या पंपांना तसा नियम आहे, पण त्यात किमान 4.2 किलोवॅट मिळणारच हे लिहिलेलं आहे आणि बदल्यात वहन आकारात, म्हणजे वीज घरापर्यंत पोचवण्याच्या शुल्कात, सूटही आहे. आमच्या करारात 'आवश्यकतेनुसार पुरवठा नियंत्रित करण्याचा अधिकार कंपनीकडे राहील' एवढं एकच वाक्य आहे. किती, किती वेळ, बदल्यात काय, काही नाही. लेखापरीक्षणात असं वाक्य दिसलं असतं तर मी समासात लाल पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं असतं.

सध्या मी दंड भरून दिवसरात्र सारख्या दरावर परतले आहे. त्याची पावती सोबत जोडली आहे, आणि चार महिन्यांच्या वहीच्या प्रतीही. मीटरच्या लुकलुकी पेन्सिलीने आणि अंधारात लिहिल्यामुळे काही आकडे एकमेकांवर गेलेत. वाचता आले नाहीत तर कळवावं, मी स्वच्छ उतरवून पुन्हा पाठवीन.

कळावे,

आपली,
एक घरगुती वीजग्राहक