सगळ्या क्वेरी एकदाच काढा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
सविनय नमस्कार.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कवच दीड लाखावरून पाच लाखांवर गेले, पांढऱ्या शिधापत्रिकेलाही दार उघडले. निर्णय चांगलाच. पण नाशिकमधल्या तीस खाटांच्या रुग्णालयाचे लक्ष त्या पाच लाखांपेक्षा क्लेम, म्हणजे केलेल्या उपचाराच्या पैशांची मागणी, कधी सुटतो याकडे असते.

सुरगाण्याहून अँजिओप्लास्टीसाठी आलेला रुग्ण घ्या. शिधापत्रिकेवर नाव पांडू, आधारवर पांडुरंग. योजनेची कागदपत्रे पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलावरच अर्धा दिवस जातो. राबून झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र घेत नाही. (या योजनेला जोडलेल्या केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेच्या ॲपमध्ये चेहऱ्यावरून पडताळणीची सोय आहे, ती प्रत्येक टेबलावर चालली पाहिजे.) प्री-ऑथ, म्हणजे उपचाराआधीची मंजुरी, मिळते, स्टेंट बसतो, रुग्ण घरी जातो. क्लेमसोबत स्टेंटचे स्टिकर, आधीची-नंतरची अँजिओग्राफी, डिस्चार्ज कार्ड, सगळे अपलोड होते. मग क्वेरी, म्हणजे क्लेम तपासणाऱ्याची हरकत, येते: स्टिकरवरचा बॅच नंबर पुसट. नवा स्कॅन द्यावा, तर दुसरी क्वेरी: आयसीयू चार्टच्या तिसऱ्या पानावर सही नाही. ते पान पहिल्या दिवसापासून त्याच फाइलमध्ये होते!

राज्यातल्या राज्यात क्लेम १५ दिवसांत निकाली काढावा, असे आयुष्मान भारतची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. समजा, महिन्याला ६० क्लेम, सरासरी २५ हजारांचे. तीन महिने अडकले की ४५ लाख बाहेर. औषधवाला इतकी उधारी ठेवत नाही, नर्सचा पगार थांबवता येत नाही. मग योजनेतल्या रुग्णाला ‘खाट शिल्लक नाही’ असे उत्तर मिळू लागते. ते समर्थनीय नाही, पण त्याचे मूळ या हिशेबात आहे.

चुका रुग्णालयांच्याही असतात. सही राहते, घाईत वेळ टाकायची राहते, स्टिकर रक्ताळलेल्या हातमोज्याने चिकटवले जाते. त्यावर दंड करा, हरकत नाही. मात्र तपासनिसाने सगळ्या त्रुटी एकाच क्वेरीत लिहाव्यात आणि नवा कागद आल्याशिवाय नवी हरकत घेऊ नये. वाद आयसीयूच्या एका दिवसाचा असेल, तर तेवढेच रोखून बाकीचे पैसे सोडावेत. पॅकेजमध्ये, म्हणजे उपचाराच्या ठरलेल्या रकमेत, तपासण्या, औषधे, जेवण आणि डिस्चार्जनंतरची दहा दिवसांची देखभाल धरलेली असते. तो खर्च क्वेरीची वाट पाहत नाही.

क्लेम कोणाच्या टेबलावर, किती दिवस आहे, हेही पोर्टलवर दिसू द्या. सध्या ‘प्रक्रियेत’ या एका शब्दावर महिने निघतात.

कळावे.
नाशिकमधील रुग्णालयांचे क्लेम हाताळणारे कर्मचारी