लेस्टरहून आईला

लेस्टर, इंग्लंड, ४ ऑगस्ट

ती. आईस सा. न.,

राजाराम बंधाऱ्याचं पाणी उतरलं, असं दादानं कळवलं. जीव भांड्यात पडला.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आठ वर्षं आयसीयू सांभाळलीस आणि तिथं नेऊन तुला मदतनीस केलं होतं?" मी चिडून फोन ठेवला. मलाही तेच बोचत होतं गं. इथं एनएमसीचा, म्हणजे इथल्या नर्सिंग कौन्सिलचा, पिन (नोंदणी क्रमांक) मिळेपर्यंत नर्स म्हणून काम करता येत नाही. त्याआधी ऑस्की, दहा स्टेशनांची प्रात्यक्षिक परीक्षा. नॉर्दॅम्प्टनला मी एका स्टेशनात नापास झाले होते, हे तुला सांगितलंच नाही. मनगटाचा पट्टा बघितला, ॲलर्जी बघितली, पण तोंडानं बोलले नाही. आपल्याकडं कोण बोलत बसतंय, हात चालतात! तेवढंच स्टेशन पुन्हा दिलं आणि सुटले.

खरी गंमत पिन आल्यावर. एक आजी म्हणाल्या, "आय नीड टू स्पेंड अ पेनी." मी समजावलं, आजी, इथं पैसे लागत नाहीत. दोन मिनिटांत अंथरूण ओलं. त्यांना लघवीला जायचं होतं! चादर बदलताना त्याच "सॉरी, सॉरी" म्हणत होत्या. मला मान वर करवेना. माझी प्रिसेप्टर, म्हणजे नवीन नर्सला सांभाळून घेणारी सिनियर, फिलिपिन्सची आहे. तिनं स्वतःची जुनी वही काढून दिली, असल्याच शब्दांची. 'पूअरली' म्हणजे गरीब नव्हे, बरं नसणं. आणि 'सिस्टर' म्हणजे वॉर्डची इन्चार्ज. मी उगीच वळून बघायचे.

वहीचं सोड. सुरुवातीचे आठवडे नव्या नर्सला ड्युटीच्या मोजणीत धरायचं नसतं, सोबतीनं शिकू द्यायचं असतं. एका रात्री माणसं कमी पडली, तर सहा पेशंट माझ्या एकटीच्या गळ्यात! ही बाई इन्चार्जसमोर उभी राहिली, "हिला मोजायचं नाही." स्वागताचा केक काय, कुणीही कापतं.

शेजारच्या काकूंची पोरगी पुढच्या महिन्यात आमच्याच वॉर्डात येतेय. तिच्या सोबतीला माझं नाव लागलंय. तिला सांग, इथं पेशंटच्या उशाशी नातेवाईक नसतात, अंघोळ-वेणीफणी आपणच करायची. त्यात कमीपणा नाही. (हे तुलाही.) वही माझ्याकडं आहे. तिच्याबरोबर कांदा-लसणाची चटणी तेवढी किलोभर पाठव, दोन पिशव्यांत घट्ट बांधून.

तुझी,
सुमी