ओंडक्यात नुसतं लाकूडच असतं का?

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, ओंडक्यात नुसतं लाकूड असतं. माहिती तयार होते ती वलयं मोजणाऱ्याच्या डोक्यात." मी 'बघू' म्हणून विषय टाळला, कारण तुझं म्हणणं मला निम्मं पटलं होतं आणि कोणतं निम्मं ते सांगता येत नव्हतं. आता जरा सांगता येईल असं वाटतंय.

ओंडक्याचंच बघू. आडवा कापलेला पाइनचा ओंडका घासून गुळगुळीत केला आणि भिंगाखाली धरला की प्रत्येक वलयात दोन पट्टे दिसतात. वाढीचा हंगाम सुरू होतो तेव्हाच्या पेशी मोठ्या आणि पातळ भिंतींच्या, म्हणून तो पट्टा फिकट. हंगाम सरताना पेशी बारीक होतात, भिंती जाड होतात, पट्टा गडद होतो. कोरड्या मुलखात ज्या वर्षी पाणी कमी पडलं त्या वर्षीचं वलय चिंचोळं. सगळं लाकूडच आहे, कबूल.

पण २०१२ मध्ये जपानमधल्या फुसा मियाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या सीडर वृक्षांच्या वलयांतला कार्बन-१४ (कार्बनचा एक किरणोत्सारी प्रकार) मोजला, तर इसवी सन ७७४ ते ७७५ या एका वर्षात तो सुमारे १.२ टक्क्यांनी एकदम वाढलेला निघाला. पुढे जर्मनीतल्या ओकमध्ये, सायबेरियातल्या आणि कॅलिफोर्नियातल्या झाडांतही तीच उसळी मिळाली, तीही त्याच वेळची. सूर्याकडून आलेल्या कणांचं जबरदस्त वादळ हे त्याचं आज सर्वाधिक मानलं जाणारं कारण. आता गंमत बघ. कार्बन-१४ नावाचं काही असतं हेच मुळात १९४० मध्ये कळलं. म्हणजे हजाराहून जास्त वर्षं ती खूण लाकडात होती आणि ती वाचू शकेल असं पृथ्वीवर कुणीही नव्हतं. तरी जपानचं झाड आणि जर्मनीचं झाड एकमेकांशी जुळत होतं. ही जुळणी मोजणाऱ्यांनी घडवली असं म्हणायचं, तर वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या झाडांवर काम करणाऱ्यांना एकच वर्ष कसं सापडलं, याचं उत्तर तुला द्यावं लागेल. मला ते देता येत नाही. एका वस्तूची अवस्था दुसरीच्या अवस्थेशी बांधलेली असणं, ही बघणाऱ्याची कृपा नाही. ती आपली आपण असते.

इथवर मी जिंकलो असं समजू नकोस, कारण तुझा पुढचा प्रश्न मला माहीत आहे: मग त्या ओंडक्यात एकूण माहिती किती?

गणितज्ञ क्लॉड शॅननने १९४८ मध्ये माहितीचं गणित मांडलं तेव्हा अर्थाचा प्रश्न सुरुवातीलाच बाजूला ठेवला. त्याला मोजायचं होतं ते इतकंच, की शक्य असलेल्या किती संदेशांतून हा एक आला. छापा की काटा, एवढंच विचारलं तर नाणं एक बिट, म्हणजे दोन शक्यतांतून एक निवडणारं उत्तर, देतं. ते टेबलावर नेमकं कुठे थांबलं, कोणत्या कोनात पडलं, हेही विचारलं तर त्याच नाण्यातून कितीतरी बिट निघतात. नाणं तेच, बदलली शक्यतांची यादी. ती यादी नाण्यावर लिहिलेली नसते. ओंडक्याचंही तसंच: वलयांच्या रुंदीपुरतं विचारलंस तर एक आकडा, प्रत्येक अणूचा हिशेब मागितलास तर भलताच प्रचंड दुसरा. या बाबतीत तुझी बाजू खरी आहे. विचारल्याशिवाय आकडा नाही.

एन्ट्रॉपीचीही, म्हणजे एखाद्या वस्तूच्या आतल्या कणांच्या किती मांडण्या शक्य आहेत त्या मापाचीही, हीच कथा. दोन वेगळे वायू मिसळले तर ती वाढते. पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकच वायू असेल आणि पडदा काढला, तर वाढत नाही. मग समज, त्या वायूचे दोन प्रकार आहेत पण तो फरक अजून कुणाला सापडलेलाच नाही. पडदा काढल्यावर एन्ट्रॉपी वाढली का? भौतिकशास्त्रज्ञ एडविन जेन्सने हा पेच नीट सोडवून दाखवला: तुम्हाला कोणते फरक हाताळता येतात त्यावर उत्तर ठरतं. ते दोन प्रकार वेगळे करणारं साधन हाती असेल तर मिसळताना त्यातून काम काढून घेता येतं. साधन नसेल तर नाही. म्हणजे आकडा सापेक्ष आहे, पण मनाला येईल तसा नाही. मोटारीचा वेगही रस्त्याच्या हिशेबाने वेगळा आणि शेजारून धावणाऱ्या गाडीच्या हिशेबाने वेगळा, म्हणून वेग काल्पनिक आहे असं आपण म्हणत नाही.

'माहिती भौतिक असते' हे जे वाक्य तू चिडून खोडून काढत होतीस, ते भौतिकशास्त्रज्ञ रॉल्फ लँडॉअरचं. त्याने १९६१ मध्ये दाखवलं, की एक बिट पुसायचा तर किमान काही उष्णता बाहेर टाकावीच लागते. खोलीच्या तापमानाला ती किती? एका ज्यूलचे हजार अब्ज अब्ज भाग केले तर त्यातले जेमतेम तीन. मॅक्सवेलने १८६७ मध्ये एक काल्पनिक राक्षस उभा केला होता, जो वेगवान आणि मंद रेणू निवडून वेगळे करतो आणि फुकटात ऊर्जा मिळवून देतो. चार्ल्स बेनेटने १९८२ मध्ये त्याचा हिशेब याच नियमाने चुकता केला: कोणता रेणू कसा याची नोंद ठेवणारी आपली वही राक्षसाला कधीतरी कोरी करावी लागणार आणि तिथे सगळी कमाई जाणार. २०१२ मध्ये फ्रान्समध्ये हे प्रत्यक्ष करून पाहिलं गेलं. पाण्यातला दोन मायक्रॉनचा काचेचा मणी लेझरच्या जोडखड्ड्यात ठेवायचा. डावा खड्डा म्हणजे शून्य, उजवा म्हणजे एक. मग मधला उंचवटा कमी करून मण्याला हळूहळू एकाच बाजूला ढकलायचं, म्हणजे आधी तो कुठे होता ते पुसलं जातं. जितकं सावकाश ढकलावं तितकी उष्णता लँडॉअरच्या आकड्याकडे उतरत गेली.

प्रयोग देखणा आहे. पण त्यावरून लोक भलत्याच उड्या मारतात, यावर मी तुझ्याच बाजूने आहे. यातून सिद्ध होतं ते एवढंच, की प्रत्येक बिटाला कुठलं ना कुठलं शरीर लागतं आणि त्या शरीराला उष्णतेचे नियम चुकत नाहीत. माहिती हा पदार्थाशेजारी ठेवायचा आणखी एक पदार्थ आहे, हे त्यातून निघत नाही. भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर तर त्याही पुढे जाऊन म्हणाला, की सगळं अस्तित्वच बिटांतून येतं. मोठा माणूस, पण ही मला कविता वाटते.

निरीक्षकाबद्दल मात्र एक प्रयोग तुला सांगायलाच हवा, कारण क्वांटम म्हटलं की 'कुणीतरी बघावं लागतं' हे वाक्य हमखास येतं. व्हिएन्नामध्ये सत्तर कार्बन अणूंचे फुलरीन रेणू जाळ्यांमधून सोडून त्यांचा लहरींसारखा पट्ट्यांचा नमुना मिळवला होता. २००४ मध्ये त्याच मंडळींनी ते रेणू वाटेत लेझरने तापवायला सुरुवात केली. तापलेला रेणू स्वतःच प्रकाश टाकतो आणि तो कुठून निघाला यात रेणूच्या मार्गाचा सुगावा असतो. जसजसे रेणू जास्त तापले तसतसा नमुना पुसट होत गेला आणि अखेर गेला. तो प्रकाश कुणी टिपला नाही, कुणी वाचला नाही. खूण बाहेर पडली एवढं पुरलं. सई, माझ्या मते तुझ्या वाक्यातल्या 'डोक्यात' या शब्दाला यापेक्षा मोठा धक्का नाही.

राहिला अर्थ. तो तरी वाचणाऱ्यावर अवलंबून असणार, असं तू म्हणशील. असतोच. फक्त वाचणाऱ्याला मन लागतं का, ते बघू. आरएनएमध्ये यू, जी, ए ही तीन अक्षरं लागोपाठ आली की आपल्या पेशीतला रायबोसोम (प्रथिनं जोडणारं यंत्र) तिथे थांबतो, प्रथिनाची साखळी संपते. पण त्याच पेशीत, मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाच्या) आतल्या रायबोसोमपुढे तीच तीन अक्षरं आली तर तिथे ट्रिप्टोफॅन हे अमायनो आम्ल जोडलं जातं आणि साखळी पुढे चालू राहते. अक्षरं तीच, वाचणारे दोन, अर्थ दोन, आणि दोघांपैकी कुणालाही काही कळत नाही.

यावर तुझा हल्ला कुठून येईल ते मला दिसतंय. 'वाचतो' हा आपला शब्द, तिथे फक्त रसायन चालतं, असं म्हणशील. मग ओंडका आणि जनुक यांच्यातला हा फरक बघ. वलय कधी खोटं बोलू शकत नाही. चुकू शकतो तो मोजणारा. जनुकात मात्र चूक होऊ शकते. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाग असलेल्या बीटा ग्लोबिनच्या जनुकात एकोणचाळिसाव्या तीन-अक्षरी शब्दातलं एक ठरावीक अक्षर बदललं की साखळी मध्येच तुटते आणि ज्याच्याकडे अशा दोन्ही प्रती असतील त्याला थॅलसेमिया हा रक्ताचा आजार होतो. रसायनाच्या दृष्टीने तिथे काहीच बिघडलेलं नाही, प्रत्येक रेणू नियमाप्रमाणेच वागला. तरी डॉक्टरही त्याला बिघाडच म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात. हे 'बिघडणं' कुठून आलं? मला वाटतं, त्या जनुकाला पिढ्यान्पिढ्या एक काम होतं म्हणून तो टिकला, त्यातून आलं. त्यासाठी कुणी बघत असण्याची गरज पडली नाही.

हे शेवटचं मी जेवढ्या ठामपणे लिहिलंय तेवढा ठाम नाही. काम होतं असं म्हणताना मी हळूच एखादा बघणारा आत सोडला का, ते तू तपास आणि पत्रानेच कळव. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तुझा,
बाबा