रेसिपी नको, आकडे सांगा

मा. संपादक,
नमस्कार.

घरी बिअर नाहीतर वाइन करणारी मंडळी एकमेकांना सल्ले भरभरून देतात, पण त्यातून कामाची गोष्ट तेवढी गळून जाते. "रस घ्या, साखर घाला, चमचाभर यीस्ट टाका, बुडबुडे थांबले की बाटलीत भरा." छापून येणाऱ्या कृतीही बऱ्याचदा अशाच. अरे पण सुरुवातीला साखर किती होती, यीस्ट कुठलं, ज्या खोलीत ठेवलं तिथे किती डिग्री होतं? हे सांगितलं नाही तर दुसऱ्याला तीच चव परत कशी यायची!

त्यातलं ते बुडबुड्यांचं तर मला फारच खटकतं. एअरलॉकमधले (गॅस बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी झाकणावरची नळी) बुडबुडे थांबले म्हणजे फर्मेंटेशन, म्हणजे आंबणं, संपलं असं नसतं हो, झाकण कुठूनतरी लीक असेल किंवा रात्री गारठा पडला तरी ते थांबतात, आणि उलट सगळं संपल्यावर नुसती खोली तापली तरी विरघळलेला गॅस बाहेर येऊन परत सुरू होतात. खरं काय ते हायड्रोमीटर सांगतो, म्हणजे द्रवात तरंगून तो पाण्याच्या (१.०००) तुलनेत किती जड आहे ते दाखवणारी काचेची नळी; साखर जास्त तर आकडा जास्त. बिअर सुरुवातीला १.०५० होती आणि १.०१० वर येऊन थांबली तर दोन्हीतला फरक ०.०४० गुणिले १३१.२५, म्हणजे साधारण सव्वापाच टक्के अल्कोहोल. दोन-तीन दिवसांच्या अंतराने रीडिंग तेच आलं की मग बाटलीचं बघायचं. वाइन तर १.००० च्याही खाली जाते, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं. फक्त रीडिंग घ्यायच्या आधी सॅम्पल हलवून गॅस काढा, नाहीतर बुडबुडे हायड्रोमीटरला वर उचलतात आणि आकडा फुगतो, शिवाय हायड्रोमीटर किती तापमानाला बनवलाय (बहुतेक २० डिग्री) तेही बघा.

हे एवढं का सांगतोय, तर यीस्ट जेवढी साखर खातं तिच्या वजनाच्या जवळपास निम्मा गॅस होतो. लिटरमागे १० ग्रॅम साखर शिल्लक असताना बूच लावलं आणि यीस्टने ती संपवली तर ५ ग्रॅम गॅस, म्हणजे नेहमीच्या बिअरमध्ये असतो तेवढा तिथेच झाला, त्यात वरून फेसासाठी साखर घातली असेल तर बाटली फुटते आणि काच लांबवर उडते. अर्धवट सल्ल्याने नुसती चव बिघडली असती तर मी पत्र लिहायला बसलोच नसतो.

"आमचं सिक्रेट आहे" म्हणणारेही भेटतात, त्यांचं मला हसू येतं. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गचे याकोबसेन १८४५ मध्ये म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीतून यीस्ट घेऊन आले, पुढे १८८३ मध्ये त्यांच्याच लॅबमध्ये हान्सेन या शास्त्रज्ञाने एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं आणि ते पेटंट न घेता बाकीच्या ब्रुअरींनाही देऊन टाकलं. आंबटपणा मोजायला आज आपण जो पीएच म्हणतो (आकडा कमी तर आंबटपणा जास्त) तीही कल्पना त्याच लॅबमधल्या सोरेनसेनची, १९०९ ची. धंदा करणाऱ्यांनी वाटलं आणि आपण हौशी माणसं लपवत बसतो!

पीएचवरून आठवलं, वाइन खराब होऊ नये म्हणून "एक सल्फाइटची गोळी टाका" हा सल्लाही अर्धाच. पीएच ३.२ असेल तर जिथे लिटरमागे साधारण २० मिलिग्रॅम फ्री सल्फर डायऑक्साइड (सल्फाइटमधून येणारा, वाइनमध्ये मोकळा राहिलेला भाग) पुरतं तिथे ३.८ ला जवळपास चौपट लागतं. आणि कुणाला प्यायला देताना सल्फाइट आहे हे सांगा, दमेकऱ्यांना त्रास होऊ शकतो.

चव घेणाऱ्यांनीही जरा तोंड उघडावं. "मस्त झालीय" ऐकून करणाऱ्याला काय कळणार? सडक्या अंड्यासारखा वास आला तर तसं सांगा, बऱ्याचदा यीस्टला नायट्रोजन कमी पडलेला असतो. लोण्यासारखी चव आली तर शेवटी दोन-तीन दिवस थोडं उबेला ठेवायला हवं होतं. व्हिनेगरसारखी आंबट लागली तर कुठेतरी हवा लागलीय. वाईट वाटतं ऐकताना, पण पुढची बॅच सुधारते.

एक खुलासा, मी आंबवण्याबद्दल बोलतोय, भट्टी लावून दारू गाळण्याबद्दल नाही, ते धोक्याचं आणि बहुतेक ठिकाणी बेकायदा. घरी आंबवायलाही परवानगी लागते का ते ज्याने त्याने आधी बघून घ्यावं.

तर विनंती एवढीच की यापुढे अशी कृती छापाल तेव्हा खाली एक छोटी चौकट द्या: यीस्टचं नाव, तापमान, सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग, वाइन असेल तर पीएच. आणि पाठवणाऱ्याकडे हे आकडे नसतील तर ती कृती सरळ परत पाठवा.

आपला,
एक हौशी वाचक