ग्रीनवरच्या होलसाठी कटर निवडताना

पुणे,
वैशाख अखेर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. मुळशीकडच्या त्या नऊ होलच्या गोल्फ मैदानातील ग्रीनची, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीची, जबाबदारी तू अंगावर घेतलीस हे वाचून आनंद झाला, आणि पहिलाच प्रश्न गवत कापायच्या मोवरबद्दल किंवा खतांबद्दल न विचारता होल पाडण्याच्या कटरबद्दल विचारलास याचे विशेष वाटले. मोवर कोणता घ्यावा यावर समित्यांच्या बैठकांमागून बैठका होतात आणि कटर मात्र खरेदीच्या यादीत झेंडे आणि बादल्या यांच्या मध्ये कुठेतरी एका ओळीत उरकला जातो. वास्तविक ज्या जागी प्रत्येक खेळाडूची नजर खिळलेली असते, ती जागा रोज सकाळी हेच अवजार तयार करते.

तू पाठवलेली माहितीपत्रके मी वाचली. त्यांत मूठ किती आरामदायी आहे आणि रंग किती टिकाऊ आहे यावरच भर आहे. मी कटर खालून वर पाहतो: आधी नळकांडे, मग त्याची धार, मग माती बाहेर काढण्याची सोय आणि सर्वांत शेवटी मूठ. तूही याच क्रमाने पाहावेस असे मला वाटते.

होलचा व्यास ४.२५ इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर, आणि खोली निदान ४ इंच असावी हे तुला ठाऊकच आहे. होल पाडण्याचे सर्वांत जुने ज्ञात अवजार स्कॉटलंडमधील मसलबरा येथील, १८२९ सालचे. आणि सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शन्ट क्लबने हेच माप नियमात आणले ते १८९१ साली. या इतिहासापेक्षा नियमातील दुसरी एक अट आपल्या कामाची आहे: होलच्या आत बसवलेल्या कपाचा, म्हणजे डब्यासारख्या अस्तराचा, वरचा काठ हिरवळीच्या पृष्ठभागापासून कमीत कमी एक इंच खाली असला पाहिजे. याचा अर्थ असा की वरच्या एक इंचात भिंतीला कसलाही आधार नसतो. तेथे नुसती माती आणि मुळे असतात, आणि कटरने ती जशी कापली तशीच ती दिवसभर उभी राहतात. २०१९ पासून झेंडा होलमध्ये ठेवूनच पट, म्हणजे ग्रीनवरून होलकडे चेंडू घरंगळवण्याचा फटका, मारण्याची मुभा मिळाली आहे. तेव्हापासून काठी आणि भिंत यांच्या फटीत हात घालून चेंडू काढला जातो, आणि काही महाभाग तर वाकण्याचा कंटाळा म्हणून पट मारायच्या काठीच्या, पटरच्या, डोक्यानेच चेंडू उकरून काढतात. कापलेला काठ मुळातच ढिला असेल, तर दुपारपर्यंत होलचे तोंड लंबगोल झालेले दिसते.

आता तुझ्या समितीतील त्या सूचनेविषयी, की आयात केलेला कटर कशाला, भोसरीत कोणत्याही लेथवर करून घेऊ. सूचना अगदीच वेडगळ नाही, आपल्याकडचे टर्नर याहून अवघड कामे करतात. पण मूळ माल कोणता घेणार हे आधी विचार. बोहरी आळीत ज्याला चार इंची पाइप म्हणतात त्याचा बाहेरचा व्यास ११४.३ मिलिमीटर असतो. त्यातला सहा मिलिमीटर जाडीचा पाइप घेऊन तो बाहेरून १०८ पर्यंत उतरवला, तर जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची भिंत उरते आणि आतला व्यास १०२ च्या आसपास राहतो. माप कागदावर बरोबर येते, पण एवढी जाड भिंत जमिनीत शिरताना तेवढी माती कुठेतरी ढकलणारच: एक तर ती आतला प्लग, म्हणजे नवे होल पाडताना निघणारा आणि जुन्या होलात बसवायचा गवतासह मातीचा गोळा, आवळेल, नाही तर होलभोवतीचा पृष्ठभाग फुगवेल. ओळखीच्या एका मैदानासाठी असा कटर बनवून घेतला होता. तो मी व्हर्नियर लावून पाहिला, तेव्हा आडवा आणि उभा व्यास यांत दीड मिलिमीटरचा फरक निघाला, आणि जुन्या होलात बसवलेल्या प्रत्येक प्लगभोवती करंगळीचे नख जाईल एवढी फट राहत होती. त्या फटीतून गवत वाळते आणि ग्रीनवर तपकिरी कड्या उमटतात. पातळ, एकसारखे गोल आणि नीट पाणी देऊन कठीण केलेले नळकांडे हीच या अवजारातील खरी किंमत आहे.

धारेचा प्रश्न मात्र सावकाश समजून घे, कारण माहितीपत्रकात तो एका ओळीत उडवून लावलेला असतो. काही नळकांड्यांना उतार आतल्या बाजूने दिलेला असतो, काहींना बाहेरच्या. उतार आत असेल तर कापणारी रेघ बाहेरच्या व्यासावर येते, होलची भिंत जशीच्या तशी राहते आणि आत शिरणारा प्लग आवळला जातो. उतार बाहेर असेल तर नेमके उलटे घडते: प्लग मोकळा सुटतो, पण माती बाहेर दाबली जाऊन भिंत घट्ट होते. वाळूच्या ग्रीनवर अशी दाबलेली भिंत मला आवडते, कारण सुटी वाळू त्यामुळे थोडी धरून राहते. भारी मातीत मात्र बाजूची माती दबायला तयार नसते, ती वर येते आणि होलच्या तोंडाशी सूक्ष्म उंचवटा तयार होतो. हळू आलेला चेंडू त्याला बिचकून वळतो आणि खेळाडू स्वतःच्या पटला दोष देतो. म्हणून भारी मातीसाठी मी आतल्या उताराच्या बाजूचा आहे, आवळलेला प्लग नळकांड्यात अडकण्याचा त्रास पत्करूनसुद्धा.

तुझ्याकडे दोन्ही प्रकारची ग्रीन आहेत, हीच खरी अडचण आहे. दोन नवी ग्रीन अमेरिकन गोल्फ असोसिएशनच्या पद्धतीने, म्हणजे चार इंच खडीच्या थरावर बारा इंच वाळूचे मिश्रण घालून केलेली आहेत आणि उरलेली सात जुनी, तिथल्याच तांबूस भारी मातीची आहेत. एकाच धारेने दोन्हींना न्याय मिळणार नाही. पार एड आणि स्टँडर्ड गोल्फ या अमेरिकन कंपन्यांच्या कटरांना नळकांडे वेगळे मिळते आणि बदलता येते. तेव्हा दोन पूर्ण कटर घेण्याऐवजी एक चांगला सांगाडा आणि दोन नळकांडी असा हिशोब समितीपुढे ठेव. तो त्यांना पटेल, कारण त्यात बचत दिसते.

जुन्या ग्रीनसाठी नागमोडी धारेचे नळकांडे माग. टिफड्वार्फसारखी बर्म्युडा जातीची हिरवळ जुनी झाली की धावत्या फुटव्यांचा आणि मेलेल्या पात्यांचा जाड थर पृष्ठभागाशी साचतो. सरळ धार त्यावर टेकवून जोर दिला तर थर आधी खाली दबतो आणि मग फाटतो. नागमोडी धार मात्र अर्धा वेढा इकडे, अर्धा तिकडे फिरवताना करंजीच्या कातण्यासारखी चिरत जाते. तिचा तोटा एवढाच की ती लावायला गोल कानस आणि शांत डोके दोन्ही लागतात. वाळूच्या ग्रीनवर सरळ धार पुरते आणि तीच घ्यावी, कारण वाळू कोणतीही धार भराभर खाते आणि सरळ धार माळ्याला स्वतः लावता येते. कानस नेहमी उताराच्याच बाजूने फिरवायची हे त्याला आधीच बजावून ठेव. दुसऱ्या बाजूने फिरवली तर व्यासच बदलतो.

माती बाहेर काढण्याच्या सोयीत दोन पद्धती तुला दिसतील. एकीत मुठीजवळची तरफ दाबली की आतली चकती प्लगला खाली ढकलते, दुसरीत तेच काम पायाने होते. कोरड्या दिवसांत तरफ झटपट चालते. पण मुळशीचा पाऊस तुला सांगायला नको. आषाढात ती लाल माती नळकांड्याला अशी चिकटते की हाताच्या जोराने हलत नाही, आणि जोर लावला तर प्लग मध्येच तुटतो. तुझ्या जागी मी पायाने चालणारा प्रकार घेईन. हातोडीसारखा ठोकून घुसवायचा प्रकार मात्र घेऊ नकोस. तो दगडासारख्या कडक ग्रीनसाठी ठीक आहे, आणि तुझी ग्रीन उन्हाळ्यात तशी होत असतील तर उपाय पाण्यात आणि हवा खेळवण्यात शोधायला हवा.

होल पाडताना खाली ठेवायची फळीही सोबत माग. तिच्यावर उभे राहिल्याने माणसाचे वजन पसरते, काठ फुगत नाही आणि कटर सरळ उभा राहतो. कपाच्या उंचीत एक इंच मिळवून जेवढी खोली लागते ती दोन टप्प्यांत घ्यावी: पहिला प्लग गवतासह अखंड बाजूला ठेवायचा, दुसऱ्या टप्प्यातील माती जुन्या होलच्या तळाशी घालून दाबायची आणि तिच्यावर गवताचा प्लग बसवायचा. तो तसूभर वर राहिला तर मोवर त्याला खरवडतो, खाली राहिला तर चेंडू त्यावरून उडतो. म्हणून तळहात फिरवून पातळी पाहावी आणि मग पाणी द्यावे.

एक गोष्ट मात्र समितीच्या बैठकीत ठरवू नकोस. मूठ आडवी लांब असावी की आखूड, सांगाडा उंच असावा की ठेंगणा, हे रोज पहाटे नऊ होल बदलणारा माळी ठरवील. शक्य असेल तर ऑर्डर देण्यापूर्वी त्याला घेऊन पुण्यात ये. इथल्या ओळखीच्या मैदानावर दोन्ही प्रकारचे कटर आहेत, दोन्ही त्याच्या हातात देऊ आणि तो कोणत्याने न थांबता काम करतो ते पाहू. येताना तुमच्याकडचा एक जुना कपही आण, म्हणजे त्याचा बाहेरचा व्यास मोजून नळकांड्याशी जुळतो की नाही ते इथेच कळेल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
जुना सोबती